यंत्राचे घर आणि माणसाचे घर

दादरा आणि नगर हवेली या चिमुकल्या प्रदेशाची शिरगणती चाळताना एका आकड्यापाशी मन थबकते. १९७१ साली येथे दर हजार पुरुषांमागे १,००७ स्त्रिया होत्या. स्त्रियांची संख्या पुरुषांहून किंचित अधिक असावी, ही गोष्ट आपल्या देशात विरळाच आढळते. १९८१ साली हा आकडा ९७४ झाला, १९९१ साली ९५२, २००१ साली ८१२ आणि २०११ साली तो ७७४ वर आला. चाळीस वर्षांत हजारामागे २३३ स्त्रिया उणावल्या. असे घडावयास येथे कोणती साथ आली, की कोणते युद्ध झाले?

साथ आली नाही आणि युद्धही झाले नाही. येथे कारखाने आले. स्त्रिया कोठे गेल्या नाहीत. पुरुष तेवढे बाहेरून आले, आणि बहुतेक एकटेच आले. २०११ च्या त्याच गणतीत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचा आकडा वेगळा दिलेला आहे. तेथे हजार मुलग्यांमागे ९२६ मुली आहेत. बालपणी जी तफावत एवढी मोठी नाही, ती वयात आलेल्यांत एकदम वाढावी, याचा अर्थ उघड आहे. दूरदूरच्या गावांहून तरुण माणसे पोट भरावयास आली. त्यांच्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे मागे गावीच राहिली.

आपली माणसे त्यांनी बरोबर का आणली नाहीत? तुटपुंजी मजुरी, परकी भाषा, गावाकडची शेती, नोकरीचा भरवसा नाही, अशी अनेक कारणे सांगता येतील व ती सारी खरी आहेत. परंतु त्यांत एक कारण विटामातीचेही आहे. कुटुंब आणावे तर ते ठेवावयाचे कोठे? वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरचा कोणी ना कोणी वापी, सिल्वासा, बोईसर, तारापूर या बाजूस पाळीवर जात असेल. म्हणून कारखान्यांच्या इमारती आणि कामगारांची घरे या विषयाकडे आज तुमचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. विषय मोठ्या स्थापत्यकारांचा असला, तरी त्याचा शेवट आपल्या उंबऱ्याशीच येऊन होतो.

वसाहत कोणाची?

सिल्वासा हे दमणगंगेच्या काठचे गाव. भोवताली वारली, कोकणा, धोडिया यांचे पाडे आणि सागाचे रान. सुमारे एकशे सत्तर वर्षे येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळची खूण म्हणून १८९७ साली बांधलेले पियेदाद मातेचे ख्रिस्तमंदिर गावात उभे आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांच्यासह एकच केंद्रशासित प्रदेश म्हणून गणला जातो. दादरा व नगर हवेलीचे क्षेत्रफळ सारे मिळून ४९१ चौरस किलोमीटर.

१९६५ पूर्वी येथे कारखाना म्हणावा असे काहीच नव्हते. मडकी घडविणारे, वहाणा शिवणारे आणि बांबूच्या वस्तू करणारे कारागीर तेवढे होते. मग दान उद्योग सहकारी संघ या संस्थेने पिपरिया येथे पहिली औद्योगिक वसाहत उभारली. पुढे मसाट, खडोली आणि सिल्वासा येथे सरकारी औद्योगिक वसाहती झाल्या. करांत भरघोस सवलती मिळू लागताच मुंबई व सुरतेकडील कारखानदारांचे पाय इकडे वळले. कृत्रिम धागा, प्लास्टिकच्या वस्तू, विजेच्या तारा, रसायने असा नाना प्रकारचा माल येथे निघू लागला. १९६१ साली या प्रदेशात ५७,९६३ माणसे होती. २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट!

‘वसाहत’ हा आपल्या भाषेतला शब्द मोठा बोलका आहे. जेथे माणसे येऊन वसतात ती वसाहत. परंतु ‘औद्योगिक वसाहत’ म्हटली की तीत रस्ते असतात, वीज असते, पाणी असते, मालमोटारींस वळावयास जागा असते. वस्ती मात्र यंत्रांची असते. ती चालविणारी माणसे कोठे वसणार, हा प्रश्न त्या नकाशावर बहुधा काढलेलाच नसतो. मग आमली, सामरवरणी, मसाट, राखोली अशा गावांत जमीनमालकांनी आपापल्या वाड्यांत खोल्यांच्या रांगा बांधल्या, आणि कामगारांची वस्ती अशी आपोआप, कोणी न योजता, उभी राहिली.

काचेच्या भिंतींचा कारखाना

कारखान्याची इमारत हीही विचारपूर्वक बांधण्याची वस्तू आहे, हा विचार तसा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक कारखाने म्हणजे जाड भिंतींची, कोंदट, काळवंडलेली कोठारे होती. १९११ साली जर्मनीतील आल्फेल्ड या गावी वाल्टर ग्रोपियस आणि अडोल्फ मायर या दोघा तरुण स्थापत्यकारांनी बुटांचे साचे करणाऱ्या फागुस कारखान्याचे काम हाती घेतले. त्यांनी इमारतीचा भार आतल्या खांबांवर घेतला आणि बाहेरच्या भिंती जवळजवळ सबंध काचेच्या केल्या. कोपऱ्यांत देखील खांब ठेवले नाहीत. कामगारास दिवसभर स्वच्छ उजेड मिळावा, काम नीट दिसावे, डोळ्यांस ताण पडू नये, हा त्यातला हेतू. आज ज्यास आपण आधुनिक वास्तुकला म्हणतो, तिच्या पहिल्या पावलांत या कारखान्याची गणना होते. २०११ साली त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला.

या ग्रोपियसचा एक शिष्य आपल्या कोकणातला होता, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ साली आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरे गावी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेऊन ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकावयास गेले आणि १९४७ साली स्वदेशी परतले. अहमदाबादची वस्त्रोद्योग संशोधन संस्था आणि कानपूरची तंत्रशिक्षण संस्था या त्यांच्या गाजलेल्या इमारती. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांची महत्त्वाची वास्तू म्हणजे उत्तर गुजरातेतील मेहसाण्याची दूधसागर डेअरी. १९७० नंतरच्या काही वर्षांत ती बांधली गेली. दूध वरच्या मजल्यावर चढवावयाचे आणि पुढची कामे होत होत ते आपल्याच ओघाने खाली उतरू द्यावयाचे, अशी तिची रचना. आत वाफ आणि उष्मा फार. म्हणून छपराच्या वर उंच काँक्रीटचे झरोके काढले, की ज्यांवाटे तापलेली हवा स्वतःच निघून जावी. दुरून पाहणाऱ्यास ते बुरुजांसारखे दिसतात. परंतु ते शोभेकरिता नसून आत काम करणाऱ्याच्या श्वासाकरिता आहेत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. यंत्रास काय हवे, मालास काय हवे आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसास काय हवे, याचा हिशेब नीट केला की कारखान्याची इमारत चांगली होते. आपल्या कायद्यानेही हा हिशेब केला होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्वच्छता, वारा, उजेड, पिण्याचे पाणी यांविषयी नियम घालून दिले. अडीचशेहून अधिक कामगार असल्यास उपाहारगृहाची सोय ठरविली. इतकेच नव्हे, तर नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे किमान ५०० घनफूट जागा असावी, असे मोजून सांगितले.

आता हीच मोजपट्टी घेऊन आपण कामगाराच्या खोलीकडे जाऊ. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी एक खोली धरा. तिची हवा ९०० घनफूट. भाडे वाटून घ्यावे म्हणून तीत सहा जण राहिले, तर प्रत्येकाच्या वाट्यास १५० घनफूट आली. कारखान्यात आठ तास उभे राहणाऱ्यास कायद्याने जेवढी जागा देवविली, तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागेत तोच मनुष्य रात्रभर निजतो. तो कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबत होता. घराविषयी तो काही बोलत नव्हता. उलट, १९५१ च्या मळेकामगार कायद्याने चहाकॉफीच्या मळेवाल्यांवर कामगारांस व त्यांच्या कुटुंबियांस घरे देण्याची जबाबदारी टाकली होती. मळ्यातल्या मजुरास घर हवे हे ज्या राष्ट्रास समजले, त्यास गिरणीतल्या मजुराचे घरही दिसावयास हवे होते. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी साहाय्याची योजना काढली आणि तिच्या आधाराने ठिकठिकाणी गाळे बांधलेही गेले. परंतु ते काम गरजेच्या मानाने फार तोकडे पडले.

नुसत्या भिंती पुऱ्या पडत नाहीत

घरे बांधलीच नाहीत हा एक दोष. बांधली पण राहणाऱ्याचा विचार केला नाही, हा दुसरा. मुंबईच्या बीडीडी चाळी हे त्याचे ठळक उदाहरण. १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबई सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, लोअर परळ आणि शिवडी येथे सिमेंट काँक्रीटच्या २०७ चाळी उठविल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, मध्ये बोळ आणि दोहों बाजूंस खोल्या, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. बांधकाम नव्या पद्धतीचे आणि मजबूत होते. परंतु मधल्या बोळात दिवसाही अंधार, खोलीत वारा आरपार जावयास मार्ग नाही, आणि बाहेर ओटा किंवा अंगण नाही. आरंभी पुष्कळशा खोल्या रिकाम्याच राहिल्या. १९३० नंतरच्या कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा उपयोग सरकारने तुरुंग म्हणून केला. जी इमारत घर म्हणून बांधली, ती तुरुंग म्हणूनही तितकीच चालून जावी, यापरते त्या रचनेवर अधिक काय भाष्य करावे?

तरीही त्याच चाळींत गिरणगावातली माणसे पिढ्यान् पिढ्या नांदली, मुले वाढली, सण झाले, शेजारधर्म फुलला, हे आम्ही विसरत नाही. ते श्रेय मात्र राहणाऱ्यांचे आहे, बांधणाऱ्यांचे नव्हे.

फार मोठ्या स्थापत्यकाराच्या हातूनही असे घडते. फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ पेसाक येथे आंरी फ्रुजेस नावाच्या साखर कारखानदाराने १९२४ ते १९२६ या काळात ल कॉर्बुझिए यांच्याकडून कामगारांकरिता सुमारे ५० घरे बांधवून घेतली. पुढे आपल्या देशात चंडीगढची आखणी करणारे ते हेच. सपाट छपरे, लांबच लांब पट्टीसारख्या खिडक्या, भिंतींवर निरनिराळे रंग; सारे अगदी नवे. ती घरे काही काळ रिकामीच पडली. मग जे लोक राहावयास आले त्यांनी काय केले? कोणी सपाट छपरावर उतरते कौलारू छप्पर घातले, कोणी लांब खिडकी बुजवून लहान केली, कोणी खालची मोकळी जागा भिंत घालून बंदिस्त केली. काही वर्षांनी मूळ घरे ओळखू येईनात. राहणाऱ्यांनी घराचा अवमान केला, असे कोणी म्हणत. परंतु आम्हांस वाटते, त्यांनी घर आपलेसे केले. यंत्राचा आकार ठरलेला असतो. कुटुंबाचा आकार ठरलेला नसतो. मूल जन्मते, सून येते, आई म्हातारपणी गावाहून येते, आणि घरास त्यांच्याबरोबर वाढावे लागते.

ज्यांनी घरांचा विचार केला

कारखाना आणि घर यांचा एकत्र विचार करणारी माणसेही होऊन गेली आहेत. आपल्या महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगर करणारा कारखाना आणि त्याच्यासभोवार कामगारांची घरे, असे ते गाव उभे राहिले. तेथे नव्या वास्तुकलेचा डौल नव्हता. पण कामावर येणारा मनुष्य कोठे राहील, त्याची मुले कोठे शिकतील, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मालकाच्या समोर होता.

इटलीच्या उत्तरेस इव्रेआ नावाचे शहर आहे. तेथे ऑलिव्हेत्ती कुटुंबाचा टंकलेखन यंत्रांचा कारखाना १९०८ साली निघाला. दुसऱ्या पिढीतील आद्रियानो ऑलिव्हेत्ती यांनी नामांकित स्थापत्यकारांस बोलावून काचेच्या भिंतींचे प्रशस्त कारखाने तर बांधविलेच, शिवाय कामगारांची घरे, मुलांचे पाळणाघर आणि ग्रंथालय यांची जोड दिली. विसाव्या शतकातील औद्योगिक नगराचा नमुना म्हणून २०१८ साली इव्रेआस जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु तोपर्यंत तो धंदा कधीच बसला होता आणि त्या सुंदर इमारतींपैकी पुष्कळ रिकाम्या झाल्या होत्या. एकाच कारखान्याच्या आधारावर उभ्या राहिलेल्या गावाचा धोका यात दिसतो. घर कंपनीचे असले, की नोकरीबरोबर घरही जाते. संपाच्या वेळी, निवृत्तीच्या दिवशी, कमावता पुरुष अकस्मात दगावल्यास, त्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर डळमळू लागते. म्हणून कंपनीची वसाहत हे एकमेव उत्तर नव्हे, हेही सांगून ठेवले पाहिजे.

सिल्वाशाहून फार दूर जावयास नको. वापीच्या उत्तरेस, पार नदीच्या काठी, अतुल येथे रंग व रसायनांचा मोठा कारखाना आहे. अहमदाबादचे कस्तुरभाई लालभाई यांनी ही कंपनी सप्टेंबर १९४७ मध्ये, स्वातंत्र्य मिळून महिना होतो न होतो तोच, स्थापन केली आणि १७ मार्च १९५२ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर तेथे झाडीत वसविलेली वसाहत आणि शाळाही झाली. म्हणजे आपल्याच टापूत, सिल्वासाच्या पहिल्या औद्योगिक वसाहतीच्या कित्येक वर्षे अगोदर, घर आणि कारखाना यांची सांगड घातल्याचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. पुढे बडोद्याजवळच्या खत कारखान्याने आपली कामगार वसाहत रचण्याचे काम बाळकृष्ण दोशी यांच्याकडे सोपविले.

हे दोशी पुण्यास १९२७ साली जन्मले. मुंबईत शिकून ते पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम करावयास गेले. परंतु भारतात परतल्यावर गुरूच्या शैलीची केवळ नक्कल त्यांनी केली नाही. १९८९ च्या सुमारास इंदूरजवळ उभी राहिलेली अरण्य ही वसाहत त्यांच्या विचाराचा कळस मानली जाते. तेथे अगदी गरीब कुटुंबास तयार घर दिले नाही. जमिनीचा तुकडा, जोते, नळ आणि शौचकूप एवढे करून दिले. भिंती आणि मजले ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे पुढे चढवावे. हाती पैसा आला की एक खोली वाढवावी, दाराशी ओटा घालावा, वर गच्ची करावी. पेसाकच्या कामगारांनी जे गुपचूप केले, ते येथे रचनेतच मान्य करून टाकले. २०१८ साली वास्तुकलेतील प्रिट्झ्कर हा जगन्मान्य पुरस्कार दोशी यांना मिळाला. तो मिळविणारे ते पहिले भारतीय. २०२३ साली ते निवर्तले.

दुसरे नाव चार्ल्स कोरिया यांचे. गोव्याच्या ख्रिस्ती कुळातले हे स्थापत्यकार आपल्या वाचकांस अगदी परके नाहीत. दादरच्या पोर्तुगीज चर्चची नवी इमारत, उंच निमुळत्या छपरांतून वरून उजेड उतरणारी, त्यांनीच रचिली. नवी मुंबईत बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी लहान माणसांकरिता घरे योजिली. सात सात घरे एका सामाईक अंगणाभोवती. प्रत्येकाचा जमिनीचा तुकडा निराळा, सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांचा. दोन घरांत भिंत सामाईक नाही, म्हणून एकाने घर वाढविले तर दुसऱ्याची तक्रार नाही. बांधकाम इतके साधे, की गावच्या गवंड्यास जमावे. उष्ण देशात घराबाहेरची जागा ही अर्धी खोलीच असते, असे कोरिया मानीत. आपल्या गावांतल्या ओटीवर, अंगणात आणि माडाच्या सावलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांस हे वेगळे समजावून सांगावयास नको.

आपल्या हातचे काय?

या साऱ्याचा सिल्वाशाशी संबंध काय? सांगतो. बर्लिन, पॅरिस किंवा अहमदाबादचा थोर स्थापत्यकार आपल्या खेड्यात खोल्यांची रांग बांधावयास येणार नाही. ती बांधणारे आपणच आहोत. कारखान्यांच्या आसपास ज्यांची जमीन आहे, त्यांनी थोड्या कर्जावर, पतपेढीच्या आधाराने, आठ-दहा खोल्या काढाव्या आणि भाड्यावर चरितार्थ चालवावा, हे आता नित्याचे झाले आहे. त्यात गैर काही नाही. परंतु खोली बांधणारा मनुष्य त्या क्षणी शेकडो दिवस कोणाच्या तरी झोपेचा, आजारपणाचा आणि संसाराचा धनी होतो, याची जाणीव त्याने ठेवावी.

त्यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. खोलीस समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्या, म्हणजे वारा आरपार वाहतो. एकाच बाजूस दार आणि खिडकी असेल, तर हवा आत येऊन कोंडते. खोल्यांच्या दोन रांगा पाठीस पाठ लावून बांधण्यात एक भिंत वाचते खरी, पण मागची खिडकी कायमची जाते. तो मोह टाळावा. पत्रा घालावयाचा तर तो उंच घालावा व त्याखाली बांबूची चटई किंवा तसले काही आच्छादन द्यावे, नाहीतर वैशाखात खोलीची भट्टी होते. रांगेपुढे चार हात रुंद पडवी आणि ओटा असला, तर पावसाळ्यात कपडे वाळतात, मुले खेळतात आणि आजारी माणूस बाहेर बसू शकतो. चुलीची अथवा गॅसची जागा निजण्याच्या जागेहून वेगळी असावी आणि धूर जावयास वर झरोका असावा. न्हाणी आणि शौचकूप स्त्रियांस एकट्याने, रात्री देखील, निर्भयपणे जाता येईल अशा ठिकाणी असावे. जेथे ही एक सोय नसते, तेथे कोणताही विचारी नवरा आपल्या बायकोस आणीत नाही. सांडपाण्यास उतार आणि विहिरीपासून अंतर, एवढे पाळले तरी अर्धे दुखणे टळते. शेवटी, दहा खोल्यांच्या जागेत नऊच बांधाव्या आणि राहिलेली जागा अंगण म्हणून मोकळी सोडावी. एका खोलीचे भाडे जाईल. पण राहतील ती कुटुंबे असतील, आणि कुटुंबे खोली जपतात.

सरकारचेही कर्तव्य सुटत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा काम बंद पडलेले लक्षावधी मजूर डोक्यावर बोचकी घेऊन आपापल्या गावांकडे पायी निघालेले साऱ्या देशाने पाहिले. ज्या शहरांत त्यांनी वर्षानुवर्षे राबून काढली, तेथे चार आठवडे थांबावे असे घर त्यांस नव्हते. त्याच वर्षीच्या जुलैत केंद्र सरकारने स्थलांतरित कामगारांकरिता परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर केली. अशा योजना कागदावरून जमिनीवर याव्यात यासाठी ग्रामसभेत, नगरपालिकेत, पंचायतीत कोणीतरी विचारणा करीत राहिले पाहिजे. नवा कारखाना येणार म्हणून गावची जमीन मागितली जाते, तेव्हा किती जणांस काम मिळेल हे आपण विचारतो. त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा : ते राहतील कोठे? प्रश्न साधा आहे. पण तो जमीन देण्यापूर्वी विचारला तरच त्याचे उत्तर मिळते.

आणि ज्यांच्या घरचा तरुण दूर कामास गेला आहे, त्यांनी एकदा तरी त्याची खोली जाऊन पाहावी. तो पगार किती पाठवितो हे आपण दरमहा मोजतो. तो निजतो कोठे, हे आईबापांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे. दोन-तीन ओळखीच्या कुटुंबांनी मिळून एखादे बरे घर भाड्याने घेतले, तर एकट्यास जे जमत नाही ते पुष्कळदा जमून जाते. सून आणि नातवंडे त्याच्यापाशी जाऊन राहू शकली, तर गावाकडचे घर थोडे सुने होईल खरे. परंतु एक संसार दोन ठिकाणी अर्धा अर्धा चालण्यापेक्षा एका ठिकाणी पुरा चाललेला अधिक चांगला.

यंत्र कोठे बसवावे, त्यास किती जागा लागेल, किती वारा लागेल, हे ठरविण्यास मोठमोठे तज्ज्ञ बसतात. ते यंत्र दहा-वीस वर्षांनी भंगारात निघते. ज्या खोलीत मूल जन्मते आणि वाढते, तिचा परिणाम मात्र त्या मुलाच्या सबंध आयुष्यास पुरतो. म्हणून खोली बांधणाऱ्याने, खोली घेणाऱ्याने आणि जमीन देणाऱ्याने, आपापल्या जागी, यंत्रापेक्षा थोडा अधिक विचार माणसाचा करावा, एवढेच आमचे मागणे आहे. आज सिल्वाशात दरमहा भाडे भरणाऱ्या त्या तरुणांची मुले आपल्या वडिलांस सणासुदीपुरतेच ओळखतात की रोज सायंकाळी त्यांच्या वाटेकडे डोळे लावून दारात उभी असतात, हे बरेचसे त्या दारामागच्या खोलीवर अवलंबून आहे.